चार वाजताची गाडी

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात आमच्या शेजारी एक इटालियन म्हातारा राहायचा. तरुणपणी तो रेसिंग ड्रायव्हर होता हे मला कळायला तीन वर्षं लागली, कारण तीन वर्षांत मी त्याला 'हॅलो'पलीकडे काही बोललेच नव्हते. कळलं ते बाबांमुळे. बाबांनी आयुष्यभर घाटात बस चालवली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि "लेकीच्या घरी किती दिवस पाय पसरायचे" असं रोज एकदा तरी म्हणायचे. इंग्रजी बेताचंच. तरी दुसऱ्याच आठवड्यात मी ऑफिसातून आले, तर हे शेजाऱ्याच्या गॅराजमध्ये, बॉनेटखाली डोकं घालून उभे!

मी दुभाषी झाले. म्हाताऱ्याची कारकीर्द तशी चारपाच वर्षांचीच. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करता करता दुसऱ्यांच्याच गाड्या शर्यतीत पळवायला लागला. एका मोठ्या शर्यतीत अकरा फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. बाराव्या फेरीत गाडी उलटली. मान कायमची आखडली, ती पुन्हा वळलीच नाही. मग मेकॅनिक म्हणून एका टीमबरोबर तो न्यूझीलंडला आला. इथे ट्रॅकवर चहा देणाऱ्या मुलीशी लग्न करून राहिला.

"पहिला आला का हा कधी? विचार," बाबा म्हणाले.

"कधीच नाही," म्हातारा म्हणाला. "पण अकरा फेऱ्या."

बाबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते त्याला मानू लागले.

चहा देणारी ती मुलगी आता दहा मिनिटांवरच्या वृद्धाश्रमात होती. तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. पण रोज चार वाजता फाटकाशी त्याची जुनी गाडी वळायची, तो डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यायचा, मधे इंजिन एकदा गुरगुरायचं. त्या आवाजाला ती खिडकीजवळून उठायची. "आला," म्हणायची आणि बाहेर येऊन ड्रायव्हरच्या दाराशी त्याचा हात धरायची. तेवढं एक तिच्यात उरलं होतं.

आणि म्हाताऱ्याला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ऐंशीला रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी लागे, नाहीतर लायसन्स जाई. मी त्याची तयारी करून घ्यायचं ठरवलं. माझा स्वभाव असा, की एकदा हातात घेतलं की समोरच्याचा जीव नकोसा करते. मागच्या सीटवरून मी ओरडायची, "खांद्यावरून मागे बघा! मान वळवा!" तो बिचारा कमरेपासून सगळा वळायचा.

तो नापास झाला. परीक्षक भला माणूस होता. "इतकं सुंदर ड्रायव्हिंग मी पाहिलं नाही," तो म्हणाला, "पण मागचं त्यांना दिसतच नाही." मला रडू आलं आणि मी रागावले मात्र म्हाताऱ्यावरच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या ऑटोमॅटिक, बिनागिअरच्या गाडीतून वृद्धाश्रमात नेलं. तो शेजारच्या खुर्चीत बसायला गेला, तर बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाली, "सॉरी, ही खुर्ची माझ्या नवऱ्यासाठी आहे." त्याच्या पुढच्या दिवशी मी त्याचीच गाडी काढली. फाटकाशी गिअर असा काही खरडला की मागे बसलेल्या बाबांनी डोळे मिटले. ती खिडकीतून हललीसुद्धा नाही.

"सरक," बाबा म्हणाले. "हे तुझं काम नाही."

बाबांचं भारतातलं लायसन्स इथे वर्षभर चालत होतं. दोन दिवस एका रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी सराव केला. म्हातारा शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचा: आता क्लच, आता रेस, आता गिअर. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मला कोणी काही विचारत नव्हतं.

शनिवारी आम्ही निघालो. फाटकाशी इंजिन गुरगुरलं आणि ती उठली. चपला न घालता बाहेर आली, सरळ ड्रायव्हरच्या दाराशी. बाबा उतरताच तिनं त्यांचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला. "यू आर लेट, डार्लिंग," ती म्हणाली.

गाडीच्या पलीकडे नवरा उभा होता. मान वळत नव्हती म्हणून तो सगळाच्या सगळा तिच्याकडे वळला. बाबा आखडून गेले, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. "पोरी, हे पाप आहे. त्याच्या देखत त्याची बायको... उद्या मी जाणार नाही. सांग त्याला."

सांगायची वेळच आली नाही. रविवारी पावणेचारला हॉर्न वाजला. म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला होता. किल्ली त्यानं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली होती.

"त्याला विचार," बाबा मला म्हणाले, "त्याला त्रास होत नाही का."

मी विचारलं.

"काल ती म्हणाली, उशीर झाला," तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला. "आज वेळेवर जाऊ."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा आत बसले. बसवर असताना करायचे तसा त्यांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी सुरू केली.