मास्तरांची वीटखरेदी

गल्लीतले टेलर मास्तर जन्मभर कापडात रमलेले. घराच्या दर्शनी भिंतीला विटांच्या पातळ टाइल्स लावायचं ठरलं, तेव्हा स्वारी नमुने घेऊन थेट आपल्या शिलाईच्या दुकानातल्या आरशासमोर हजर! आधी प्रत्येक नमुना बादलीत बुडवून रंग जातो का ते पाहिलं. मग बायकोला समोर उभं केलं आणि एकेक वीट तिच्या खांद्याला लावून बघायला लागले.

"ही लाल तुला काय खुलते गं! राखाडी मात्र फारच पोक्त दिसते."

"अहो, विटा घराला लावायच्यात, मला नाही!" हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

मास्तर ओशाळले आणि नमुने पिशवीत भरू लागले.

तशी आरशात बघून केस सारखे करत ती म्हणाली, "थांबा हो. ती लाल पुन्हा एकदा धरा बघू."