सहा टिंबं आणि माझा उलटा तक्ता

देऊळघाटला आमची भाजीची शेती. मेथी, पालक, वांगी. उजाडायच्या आत तोडायची, जुड्या बांधायच्या आणि बुलडाण्याच्या बाजारात न्यायची. आई शाळेत गेलेली नाही. बाबा चौथी शिकलेले, अजूनही बोट ठेवून एकेक अक्षर लावतात. धाकट्या बहिणीला जन्मापासून दिसत नाही. दहावीपर्यंत ती अंध मुलींच्या निवासी शाळेत होती, ब्रेल झरझर वाचायची. अकरावीला घरी आली आणि पुस्तकंच संपली. गावच्या कॉलेजात ब्रेलचं एक पान नव्हतं. मी संध्याकाळी येऊन वाचून दाखवेपर्यंत ती जुड्या बांधत बसायची. बारावीला तिनं सांगून टाकलं, "इतिहासाचं पुस्तक माह्या हातात आलं तरच मी परीक्षेले बसीन. दुसऱ्याच्या तोंडानं किती दिवस वाचू?"

मी तेव्हा बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच होणार होते आणि हे मी कोणी न विचारताही सांगायची. तिच्या जुन्या शाळेत ब्रेल छापायचं यंत्र होतं. त्याला फाइल मात्र ब्रेलचीच लागायची. म्हटलं, ती मी करते.

शोधायला बसले आणि हरखूनच गेले. कॉम्प्युटरात जगातल्या प्रत्येक अक्षराला नंबर देणारं युनिकोड असतं, त्यात जशी मराठीला जागा आहे तशीच ब्रेललाही आहे. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांत बसतं, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आणि प्रत्येक टिंबाला एक किंमत. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, पुढे दुप्पट. जी टिंबं उठलेली त्यांची बेरीज करायची आणि ब्रेलच्या सुरुवातीच्या नंबरात मिळवायची. झाला त्या अक्षराचा नंबर! युनिकोडमधली जागा आठ टिंबांची आहे, आपल्याला सहा पुरतात. मात्र कॉम्प्युटर टिंबंच ओळखतो. कोणती टिंबं म्हणजे 'क', हे आपण सांगायचं.

तर मी बहिणीला ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन समोर बसवलं. ती एकेक अक्षर टोचायची, मी पाहून तक्ता काढायची. ती उजवीकडून टोचायची. गावात दुकानांवर उजवीकडून लिहिलेल्या उर्दू पाट्या आहेतच, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाचताना तिचं बोट डावीकडून जातं, हे रोज बघूनही डोक्यात शिरलं नाही.

पंधरा दिवस खपून पहिला धडा टाइप केला, त्या तक्त्यावरून अक्षरांची टिंबं करणाऱ्या माझ्या प्रोग्राममधून काढला, एसटीनं शाळेत जाऊन छापून आणला. तिनं पहिल्या ओळीवर बोट फिरवलं. परत फिरवलं. मग हसायलाच लागली.

"ताई, हे काय लिहून आणलं व? 'म'च्या जागी 'श' आहे."

मी म्हटलं, तूच तर टोचून दाखवलं.

"मी कागदाच्या पाठीकडून टोचतो व. उजवीकडून टोचलं म्हणजे कागद पलटवल्यावर डावीकडून वाचता येते. तू पाठच उतरवून घेतली. कॉलेजात हेच शिकून राह्यली काय?"

बाबाही हसले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ती बोलत असतानाच मला उत्तर दिसलं होतं. टिंबं चुकली नव्हती, फक्त बाजू बदलली होती. डावीकडची एक, दोन, तीन आणि उजवीकडची चार, पाच, सहा यांची अदलाबदल करायची. म्हणजे किमतींत एकाच्या जागी आठ, दोनच्या जागी सोळा, चारच्या जागी बत्तीस, आणि आठ, सोळा, बत्तीसच्या जागी एक, दोन, चार. पंधरा दिवसांचं टाइपिंग जसंच्या तसं राहिलं. तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं पुन्हा शाळा गाठली.

या वेळी तिचं बोट थांबलं नाही. पान संपताच तिनं दुसरं ओढलं, तेव्हा आईनंच घाबरत विचारलं, बरोबर आहे ना?

"वाचू दे ना व माय," ती म्हणाली.

उरलेले धडे मी दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत टाइप केले. इतिहासाचं सगळं पुस्तक तिनं स्वतःच्या बोटांनी वाचलं, ती परीक्षेला बसली आणि बारावी पास झाली.