नानांची गबदुल अक्षरं

छापखान्यात रद्दी आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. रद्दी निदान फुटाणेवाला उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगावे लागतात. मी अमरावतीला नानांच्या छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे अक्षरं जुळवून मजकूर उभा करणारा. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा आणि आमचा नानांच्या ओसरीवरून.

एका उन्हाळ्यात मुंबईहून खोकं आलं. नानांनी कॅटलॉग बघून लाकडी अक्षरं मागवली होती, लहानात लहान बोटभर, मोठी वीतभर. सगळ्यांची पोटं सुटलेली, कमरेचा पत्ता नाही. मशीन चालवणाऱ्या रहीमचाचांनी एक 'क' हातात तोलला आणि विचारलं, "नाना, यायले रोज तूप चारत होते काय?" कॅटलॉगात त्या टाइपाला भारी विलायती नाव होतं. आम्ही त्याला गबदुल म्हणायला लागलो.

नाना त्या अक्षरांवर लट्टू झाले. ओसरीवर जागा नव्हती म्हणून खोकं स्वयंपाकघरात गेलं, आणि तिथं राज्य काकूंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बजावलं, "दिवाळीवरी एका तरी गिऱ्हाइकानं हे अक्षर आपल्या तोंडानं मागतलं तर ठीक. नाई तर पयल्या आंघोळीचं पानी यायच्यावरच तापवीन."

लाकूड चांगलं वाळलेलं होतं आणि काकू शब्दाच्या पक्क्या होत्या. नाना येईल त्या कामाला गबदुल लावायला लागले.

* * *

पहिला मान एका तेरवीच्या पत्रिकेला मिळाला. चारी बाजूंनी काळी किनार आणि वर गबदुल अक्षरांत 'तेरवी'. पत्रिका हातात पडली की माणूस मजकूर वाचायच्या आधीच हसायचा. काही पाहुणे तर फेटे बांधून आले.

दुसऱ्या दिवशी मयताचा मुलगा छापखान्यात हजर. नाना लगबगीनं उठले. त्यांना वाटलं, आलं गिऱ्हाईक मागायला. तो शांतपणे म्हणाला, "नाना, माहा बाप मेला होता. सर्कस नोती आली."

* * *

मग एका संत्रा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. नानांनी पत्रिकेवर वधूपित्याचं नाव गबदुलात घेतलं. ते नाव आणि खाली 'विवाह', एवढ्यातच पान भरलं. नवरा-नवरी मागच्या पानावर गेली.

व्यापाऱ्याची बायको तेव्हा अकोल्याला माहेरी होती. तिच्या भावाच्या घरी पत्रिका पोचली आणि मागचं पान कोणी उलटलंच नाही. बाई मिळेल त्या गाडीनं अमरावतीला आली. व्यापारी आठ दिवस छापखान्याच्या रस्त्यानं गेला नाही, आणि नंतर गेला तेव्हा तोंड फिरवून.

* * *

गावातल्या एका वाचनालयाला 'शांतता राखा' अशी पाटी हवी होती. नानांनी जीव ओतून छापली. आत शिरणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघून खो खो हसायचा, मग शेजारच्याला दाखवायचा, मग तो हसायचा. चौथ्या दिवशी ग्रंथपाल पाटी काखेत मारून आले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "नाना, आमचे वाचक गरीब हायेत. ही पाटीच आवाज करून राह्यली."

नानांनी पाटी आतल्या खोलीत लावली. मला त्यांची खरंच दया यायची. रोज संध्याकाळी ते एकेक अक्षर धोतराच्या सोग्यानं पुसायचे, आणि काकू चुलीपाशी बसून बघायच्या.

* * *

नागपंचमीला दर्यापुरात कुस्त्यांची दंगल होती. अकोल्याचा एक नावाजलेला पहिलवान यायचा होता आणि त्याच्यासमोर दर्यापूरचा एक काटकुळा पोरगा, कोणी तयार होईना म्हणून उभा केलेला. पोराचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, म्हणून नानांनी जाहिरातीत ते वीतभर गबदुलात घेतलं. एका कागदावर मावेना, तेव्हा तीन कागद जोडले.

अकोल्याचा पहिलवान मोटारीतून उतरला आणि समोरच्या भिंतीवर त्यानं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच मोटारीत जाऊन बसला. आयोजक हातापाया पडले, तर म्हणाला, "ज्याचं नाव भिंतीत मावून नाई राह्यलं, तो मातीत कसा मावंन?"

काटकुळ्याला न लढता विजयाचा नारळ मिळाला. आयोजकांनी मात्र पुन्हा आमच्या छापखान्याची पायरी चढली नाही.

* * *

दिवाळी चार दिवसांवर आली. काकूंनी खोकं ओढत न्हाणीपाशी नेलं. रहीमचाचांनी सुचवलं की आपला मेहुणा गिऱ्हाईक म्हणून पाठवतो, पण नाना असल्या लबाडीला तयार होईनात. ते नुसते प्रुफं तपासत होते, आणि ती उलटी धरलेली होती.

त्याच दिवशी दुपारी पुढच्या दारानं, रस्त्यावरून, डोक्यावर पदर घेऊन काकू आल्या. स्वयंपाकघरातून ओसरीवर यायला आतून चार पावलं लागतात. त्यांनी नानांकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "अनारशाचा डबा आताच अर्धा झाला. डब्यावर लावाले कागद पायजे. 'हात लावू नये.' चष्मा नसला तरी दिसलं पायजे."

मी नानांकडे पाहिलं. नाना मान खाली घालूनच म्हणाले, "अक्षर कोनतं पायजे, ते गिऱ्हाइकानं सांगा लागते."

रहीमचाचांनी मशीन थांबवलं. काकूंनी पदर आणखी पुढे ओढला. मग म्हणाल्या, "गबदुल."

नाना उठले. गिऱ्हाइकाची खुर्ची पुसून पुढे केली, मजकुराचा कागद लिहून घेतला, खिळ्याला टोचला आणि म्हणाले, "बाई, सध्या काम लई हाये. दिवाळी झाल्यावर या."