बाल्कनीतली म्हैस

आमच्या जामबागच्या घरात करंट गेला की आधी आई ओरडायची आणि मग दिवे विझायचे. हा क्रम मी शपथेवर सांगतो. बाकी जे सांगेन त्यातलं निम्मं वजा करून घ्या, माझी बायको लग्नापासून तेच करते आहे.

"गेला रे करंट!" अशी आरोळी आली की आम्ही होतो तिथे पुतळे व्हायचो, कारण पुढचे हुकूम ऐकायचे असायचे. "फ्रिज उघडू नका! मिक्सर बंद! कोण आहे रे बाथरूममध्ये, गीझरचं बटण पाड आधी!" मग इन्व्हर्टरच्या विजेचं वाटप व्हायचं. एका खोलीत एक पंखा. टीव्ही बातम्यांपुरता. जावयाला मात्र दोन पंखे, कारण तो नांदेडहून उन्हातून आलेला. महाराष्ट्रातून आमच्या या दखनी बोलणाऱ्या शहरात आलेले पाहुणे "लाइट गेली" म्हणाले तर आई त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "लाइट भिंतीवरच आहे बाई. करंट गेलाय."

संकटाची तयारी हे तिचं खातं होतं. मोरीतली दोन पिंपं कायम भरलेली. बॅटरीचा दिवा दाराच्या मागच्या खिळ्याला, आणि तो कुणी हलवला तर त्या माणसाचं त्या दिवशीचं जेवण धोक्यात. मेणबत्त्यांची दोन पुडकी असायची, एक वंदनेचं आणि एक करंटचं. दोन्ही पांढऱ्या, एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. तरी काळोखात नुसत्या हातानं चाचपून ती बरोबर पुडकं काढायची. वंदनेची मेणबत्ती संकटात लावायची नाही आणि संकटातली बुद्धांपुढे नाही. मी एकदा विचारलं, का म्हणून? ती म्हणाली, "मग मागायला गेल्यासारखं वाटतं." मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं असं म्हणतो, पण खात्री नाही.

आणि या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी म्हैस होती.

म्हैस म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. वडील रिटायर झाले तेव्हा त्यांनी इन्व्हर्टर घेतला आणि घरी आणल्यापासून ते त्याला घाबरून होते. बाल्कनीच्या कोपऱ्यात ती बॅटरी बसलेली, काळी, रुंद, जागची न हलणारी. आई परभणीकडची. लग्न करून आधी गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत आली तेव्हा माहेरची म्हैस माहेरीच राहिली. तिनं या काळ्या पेटीकडे पाहिलं, तिला पाणी लागतं असं ऐकलं, आणि नाव ठेवून टाकलं. वडील गेले, बॅटऱ्या बदलल्या, म्हैस हे नाव टिकलं.

रविवारी सकाळी वंदना झाली की ती पदर खोचायची आणि दुकानातून आणलेल्या शुद्ध पाण्याचा कॅन ओढत बाल्कनीत जायची. बॅटरीच्या प्रत्येक झाकणातून एक बारीक काडी वर डोकवायची. काडीवर लाल दिसलं की तहान, हिरवं आलं की पोट भरलं. नरसाळं लावून आई थेंब थेंब पाजायची, गरम पाण्याच्या फडक्यानं तारांवरची पांढरी बुरशी पुसायची आणि तिच्याशी बोलायची. "उन्हाळा आलाय हं. या वर्षी नखरे नाही चालायचे." अॅसिडचे थेंब उडून तिच्या घरच्या साड्यांना पदराजवळ बारीक भोकं पडलेली होती. ती साडी उन्हात वाळत घातली की खाली फरशीवर चांदण्या पडायच्या.

मी लोकांना सांगायचो की आमच्या म्हशीवर अख्खा कोठीचा बाजार चालतो, आबिड्सचे दुकानदार आमच्या बाल्कनीखाली वायर घेऊन रांगेत उभे असतात. आई ऐकायची आणि म्हणायची, "आणि दूध किती देते तेही सांग."

हे सगळं मी मोडलं. बरं करायला गेलो आणि मोडलं, म्हणून तर बोलायला तोंड राहत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब राहायला आलं, आयटीतलं. त्यांनी मला चहाला बोलावलं आणि भिंतीवरची पांढरी पेटी दाखवली. लिथियमची. पाणी नाही, वास नाही, आवाज नाही. मोबाइल उघडला की किती टक्के उरलंय ते दिसतं. करंट गेला तर दिवा पापणीसुद्धा लववत नाही. मी चहा पीत होतो आणि पेटीकडे बघत होतो. जामबागेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यावर पुण्याचा माणूस पेटी लावून बसतो म्हणजे काय? त्यात आईचे गुडघे गेलेले. बॅटरीजवळ वाकली की उठताना कठड्याला धरायची आणि बराच वेळ तशीच उभी राहायची. बायको म्हणाली, "आईंना आता वाकू देऊ नका." म्हणजे माझ्या हौसेला कारणही सापडलं, आणि तेही खरं कारण.

आई माझ्या बहिणीकडे नांदेडला बारशाला गेली होती तेव्हा मी बार उडवला, तसलीच पेटी मागवली. इलेक्ट्रिशियन आला, म्हैस उचलायला गेला आणि कंबर धरून खाली बसला.

"साब, ये तो हाथी है."

"नै उस्ताद, म्हैस है."

"म्हैस है तो खुद चल के जाना था ना!" असं म्हणत त्यानं ती कशीबशी जिन्यानं उतरवली. जुनी बॅटरी दुकानदारानं नवीच्या बदल्यात घेतली. कोपऱ्यात फरशीवर चौकोनी काळा डाग राहिला. तो मी स्वतः घासला. आईला सरप्राइज द्यायचं होतं.

आई आली, पिशवी ठेवली, पाय धुतले आणि सवयीनं बाल्कनीत गेली. मी मागे उभा, छाती फुगवून. ती कोपऱ्याकडे पाहत राहिली.

"म्हैस विकलीस?"

"अगं, बघ तरी! भिंतीवर बघ. आता तुला काही म्हणजे काही करायचं नाही."

"दूध देत नव्हती का?" तिनं विचारलं. मी हसलो. तिनं थट्टा केली असंच मला वाटलं.

नंतर करंट गेला तेव्हा कुणाला कळलंच नाही. दिवे चालू, पंखे चालू, बायकोचा मिक्सर चालू. माझी मुलगी फोन कानाला लावून कुठल्यातरी मैत्रिणीशी अर्धं इंग्रजी, अर्धं दखनी बोलत होती. आई खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "करंट गेलाय वाटतं."

"हो का?" मुलगी म्हणाली. "चिल, आजी. सब ऑटोमॅटिक है."

आई "बरं" म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती संध्याकाळी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायला लागली. मला वाटलं, हवा खाते. मग एकदा माझ्या लक्षात आलं, ती समोरच्या गल्लीकडे बघत असते. समोरचे दिवे गेले की तिला कळायचं करंट गेला. तेवढी बातमी घेऊन ती हॉलमध्ये यायची आणि आम्ही वर न बघता "हो का" म्हणायचो. दाराच्या मागचा दिवा खिळ्यावरून गेला. कुठे गेला हे तिनं विचारलं नाही. पिंपं रिकामी राहायला लागली. घरात कुणाचंही जेवण धोक्यात येईना.

मग मी ठरवलं की थाप मारायची. जन्मभर मारल्या, ही तर सत्कार्यासाठी. रविवारी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, "आई, कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, या पेटीवर रोज घरातल्या मोठ्या माणसानं हात ठेवून बघायला पाहिजे. गरम लागली तर लगेच सांगायचं. आणि मऊ फडक्यानं पुसायची, नाहीतर आतला लिथियम रुसतो."

"रुसतो?"

"रुसतो म्हणजे... लोड घेत नाही. अमेरिकेत एका घरात पुसली नाही, तर सगळं गाव तीन दिवस अंधारात."

आई उठली. गुडघा धरून भिंतीपाशी गेली, पेटीवर हात ठेवला, मग खालून, बाजूनं, वरून सगळीकडे बोटं फिरवली.

"झाकणं कुठायत?"

"याला झाकणं नसतात."

"मग काडी?"

पेटी गार होती, एवढं मला इथूनच माहीत होतं.

"लेका," ती म्हणाली, "आबिड्सच्या लोकांना वायरीच्या रांगेत उभं केलंस तेव्हा तेही गपगार उभे राहिले. आईला एक थाप मारायची, ती नाही जमली तुला?"

तरी तिनं पदरानं ती पेटी पुसली. त्यावर धूळ नव्हती. मी हात धरून थांबवायला पाहिजे होतं की पुसू द्यायला पाहिजे होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ती नांदेडला गेली. म्हणाली, चार दिवस राहून येते. बहिणीचा फोन आला की आईनं तिच्या गच्चीवरची जुनी बॅटरी शोधून काढलीय, पाणी आटलं होतं म्हणून जावयाला बरंच ऐकवलंय, आणि दुकानातून नरसाळं आणवलंय. मी म्हटलं, तिचे गुडघे? बहीण म्हणाली, "मी स्टूल दिलंय. बसून पाजते."

स्टूल. आमच्याकडे चार आहेत.

आता आम्ही तिला "परत कधी येतेस" विचारतो आणि ती "येते की" म्हणते. तिचा पाण्याचा कॅन अजून बाल्कनीत आहे, अर्धा भरलेला. बायको त्यातलं पाणी कुंडीला घालू का म्हणाली, मी नको म्हटलं. वंदनेच्या मेणबत्त्या ती घेऊन गेली. करंटच्या ठेवून गेली.

काल मी फोन केला. कितीतरी गोष्टी रचून ठेवल्या होत्या सांगायला, वरच्या पुणेकरांच्या पेटीत मुंगी शिरली वगैरे. पहिलं वाक्य सुरू केलं तोच पलीकडून तिची आरोळी आली, जोरात, माझ्यासाठी नसलेली. "गेला रे करंट! फ्रिज उघडू नका! बाथरूममध्ये कोण आहे?"

"आई," मी म्हटलं, "ऐक ना..."

"ठेव आता," ती म्हणाली. "मला काम आहे."

मी फोन कानाला लावूनच बसलो. आमच्याकडे सगळे दिवे लागलेले होते.