प्रोसेसर तापत होता, आणि खोळ बाबांनी विणली होती

मंडळी, आज सकाळी नवा प्रोसेसर आणायला भंडाऱ्याला निघालेच होते. साडीच्या काठाचं डिझाइन उघडलं की आमचा कॉम्प्युटर रांगायला लागायचा. दुकानदार फोनवरच म्हणाला, "प्रोसेसर बदला."

म्हटलं, आधी स्वतः तपासू. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये प्रोसेसरचं तापमान आणि वेग सतत दिसेल असं लावून ठेवलं, डिझाइनचं काम सुरू केलं. ८२... ८९... ९५ अंश! वेग निम्म्यावर आला. सेव्ह दाबलं तर नुसतं गोल फिरत राहिलं. आता मशीन बंद पडलं तर केलेलं सगळं काम गेलं!

कॅबिनेटला हात लावला. कापडावरूनही गरम लागलं. मागावरच्या सुताची धूळ आत जाऊ नये म्हणून बाबांनी स्वतः विणलेली कोसा सिल्कची खोळ! पंख्याची जाळी तिनेच बंद केलेली. खसकन ओढली. ९०... ८१... ७०. फाइल सेव्ह झाली.

तेवढ्यात बाबा आले. "काहून काढली बाई? धूळ जाईन ना आत."

"धुवायले काढली, बाबा."

"मंग वाळली की लगेच घालजो."

प्रोसेसर वाचला हो. पण ‘धुतलेली’ खोळ उद्यापर्यंत तर वाळायलाच हवी. मग बाबांना काय सांगू?