कच्चा प्राइमर

हेमलता वझलवार यांनी संरक्षण खात्याच्या लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं रंगाची तपासणी केली. पेंट शॉपमधून बाहेर पडणारा प्रत्येक दरवाजा, प्रत्येक बॉनेट त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. हातातला टॉर्च त्या पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायच्या. तसा धरला की सुईच्या टोकाएवढा दाणाही लांब सावली टाकतो. मग त्या पास म्हणायच्या किंवा रिजेक्ट म्हणायच्या, आणि कारण लिहायच्या. त्यांनी लिहिलेलं कारण कधी कुणी खोडलं नाही. रिटायर होताना साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं आणि बाईंनाही स्वतःबद्दल हेच सगळ्यात जास्त आवडायचं.

रिटायर झाल्यावर त्या मॉडेलच्या गाड्या करायला लागल्या. नवरा वारलेला, मुलगी इंदूरला. दिवस घालवायला काही तरी हवं होतं. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, छोटा कॉम्प्रेसर, पेनासारखा एअरब्रश. वीतभर लांबीच्या गाड्या. फॅक्टरीत सगळं आयुष्य बिनचमकेच्या हिरव्या रंगात गेलं, आता त्यांना चमक हवी होती. आरशासारखी.

यंदा त्यांच्या मोठ्या भावाचं, भय्यासाहेबांचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं. भय्यासाहेबांकडे एकेकाळी गडद मरून रंगाची फियाट होती. बाई पहिल्या दिवशी नोकरीवर रुजू झाल्या तेव्हा त्याच गाडीतून भावानं त्यांना फॅक्टरीच्या गेटवर सोडलं होतं. त्या गाडीचं मॉडेल बाजारात मिळेना. मग नागपूरच्या एका माणसाकडून बाईंनी तिची बॉडी थ्री-डी प्रिंट करून मागवली. तो म्हणाला, फाइलमध्ये गडबड आहे, पुन्हा प्रिंट लवकर होणार नाही, ही जपून वापरा. म्हणजे बॉडी एकच.

कार्यक्रमाला दहा दिवस होते. गुरुवारी सकाळी बाईंनी प्राइमरच्या अस्तरावर मरून रंगाचा तिसरा हात मारला. तिन्ही हात पातळ. जाड हात मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एअरब्रश धुऊन परत आल्या तर गाडीच्या छताच्या कडेला काही तरी हललं. त्या वाकल्या. कडेकडेनं रंग आकसत होता. कावळ्याच्या पायासारख्या बारीक सुरकुत्या दरवाज्याच्या फटीतून निघाल्या आणि बॉनेटकडे सरकल्या. पाच मिनिटांत निम्मी गाडी सुरकुतली.

बाई बघत उभ्या राहिल्या. गाडी गेली याचं दुःख होतंच. पण त्यांची नजर सुरकुत्यांवरून हटेना. या सुरकुत्या त्यांनी आधी पाहिल्या होत्या. अगदी अशाच. कडेपासून सुरू झालेल्या.

दोन हजार सात साली पेंट शॉपमधून बेचाळीस दरवाजे असेच सुरकुतून आले होते. रंग मारला होता धनेश बारापात्रेनं. चौतिशीचा, शॉपमधला सगळ्यात सफाईदार हात. तो म्हणत राहिला, "मॅडम, प्राइमरचा नवा लॉट आहे, आतून वाळलाच नाही. नख लावून बघा." बाईंनी नख लावलं नाही. त्यांनी रजिस्टर पाहिलं. रजिस्टरमध्ये प्राइमर चोवीस तास वाळवल्याची नोंद होती, सही होती. त्यांनी कारण लिहिलं : रंगाचा थर जाड, कारागिराची चूक. बारापात्रेला स्टोअरमध्ये टाकलं, प्रमोशन थांबलं. चार वर्षांनी तो नोकरी सोडून गेला.

आता टेबलाशी उभं राहून बाईंना कळत होतं की थर जाड असता तर उभ्या पत्र्यावर रंग आधी ओघळला असता. त्या दरवाज्यांवर एकही ओघळ नव्हता. सुरकुत्या कडांना होत्या, जोडांना होत्या, जिथं प्राइमर साचतो तिथं. हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं होतं. तेव्हाही पंधरा-सोळा वर्षं मुरलेल्या डोळ्यांना न दिसायला काय झालं? पण कागदावर सही होती म्हणून त्यांनी डोळ्यांचं ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

बारापात्रेचं गाड्या रंगवायचं दुकान तिलवाऱ्याच्या रस्त्याला होतं. येता-जाता बाईंनी पाटी वाचलेली होती, प्रत्येक वेळी मान दुसरीकडे वळवून. शुक्रवारी त्या बॉडी डब्यात घालून ई-रिक्षानं तिथं उतरल्या. दुकानात तो एकटाच होता, एका जीपच्या दाराला पुट्टी लावत. केस पांढरे झालेले. त्यानं वर पाहिलं, आणि ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"मॅडम. काहून आल्या?"

बाईंनी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं एकही तोंडून निघेना. त्यांनी डबा उघडून पुढं केला.

बारापात्रेनं हात पुसले, बॉडी उचलली, उजेडाकडे धरली. "किती हात?"

"तीन. पातळ."

"पातळच असतील. तुमचं काम आहे." त्यानं बॉडी उलटी केली. आतल्या बाजूला जिथं नुसता प्राइमर होता तिथं अंगठ्याचं नख दाबलं. नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली. "प्राइमर कच्चा होता."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पूर्ण संपेपर्यंत बाई थांबल्या.

"दोन हजार सातमध्ये तुम्ही हेच म्हणाला होता."

"म्हटलं होतं."

"मी नख लावलं नाही. रजिस्टर पाहिलं. बारापात्रे, तेव्हा माझं चुकलं. तुमची चूक नव्हती."

बॉडी त्यानं डब्यात ठेवली, झाकण लावलं, पुट्टीची पाती उचलली आणि जीपच्या दाराकडे वळला. दोन-तीनदा पाती फिरवून तो तसाच पाठमोरा म्हणाला, "गिऱ्हाईक येऊन राहिलं गाडी पाहायला. उद्या नऊला या. घासायचा वॉटर पेपर घेऊन या. आठशे आणि दोन हजार नंबर."

बाईंनी ओमतीच्या बाजारातून कागद घेतले आणि शनिवारी नऊला हजर झाल्या. बारापात्रेनं नळाकडे बोट केलं. "सगळं काढा. पार खालपर्यंत. थिनर नाही लावायचं, प्रिंट विरघळेल. हातानं."

त्रेसष्ट वर्षांच्या बाई नळाजवळच्या स्टुलावर बसून वीतभर गाडी घासू लागल्या. कागदाचा तुकडा पाण्यात बुडवायचा, बोटाएवढा, आणि खिडकीच्या चौकटीसुद्धा सोडायच्या नाहीत. दुपारी त्यांनी बॉडी दाखवली. त्यानं अंगठा फिरवला. "नाही."

चारला पुन्हा दाखवली.

"नाही. दरवाज्याच्या फटीत आहे अजून."

रविवारीही तेच. त्यानं एकदाही मदत केली नाही, एकदाही आवाज चढवला नाही. फक्त अंगठा फिरवायचा आणि मान हलवायचा. बाईंच्या बोटांची सालटी निघाली. हा माणूस आपल्याला रिजेक्ट करतोय, हे त्यांना समजत होतं, आणि त्यात चूक काढायला जागा नाही हेही समजत होतं. सोमवारी सकाळी त्यानं बॉडी बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "ठीक."

प्राइमर त्याच्याच डब्यातला, बाईंनीच मारला. वर दिवा लावून ठेवला. मंगळवारी बाईंनी विचारलं, "आज रंग मारायचा?"

"मला काहून विचारता? नख लावा."

नखाची खूण पडली. बुधवारी सकाळी पडली, पण पुसट. कार्यक्रम रविवारी होता. रंग वाळायला एक दिवस, वरचं क्लिअर, तो बिनरंगी चमकीचा थर, वाळायला एक दिवस, मग पॉलिश, मग काचा, चाकं, बंपर. बाईंनी मनात हिशेब मांडला आणि तो जमत नव्हता. बुधवारी संध्याकाळी खूण जवळजवळ नव्हती.

"एवढं चालेल ना?" त्या म्हणाल्या.

बारापात्रेनं अंगठ्याचं नख वर करून दाखवलं. बाई बॅग उचलून घरी गेल्या.

गुरुवारी नख स्वच्छ निघालं. दुपारपर्यंत मरून रंगाचे हात झाले, सुरकुती आली नाही. पण रंग नुसता मरगळलेला दिसत होता. चमक क्लिअरनं येणार होती, आणि तेच बाईंना कधी जमलं नव्हतं. त्यांची प्रत्येक गाडी जवळून पाहिली तर संत्र्याच्या सालीसारखी दिसायची.

शुक्रवारी बारापात्रेनं मागच्या खोलीत फरशीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. दोघांनी मास्क चढवले. बॉडी एका काठीवर बसवली होती. पहिला हात बाईंनी हलका मारला. दहा मिनिटं गेली.

"आता ओलं मारा," तो म्हणाला. "तुम्ही घाबरून मारता, म्हणून साल येते. थेंब थेंबाला मिळाला पाहिजे."

"ओघळेल."

"ओघळायच्या एक पाऊल आधी थांबायचं. ते पुस्तकात नाही लिहिलेलं. बघत राहा."

बाईंनी हात पुढं केला. छतावर क्लिअर पसरलं, दाणे एकमेकांत मिसळले, आणि अचानक त्यात वरचा दिवा लख्ख दिसला. त्या बॉनेटवर आल्या. डाव्या दरवाज्यावर आल्या. मागच्या मडगार्डच्या वळणावर हात क्षणभर रेंगाळला, आणि तिथं एक थेंब फुगला. पारदर्शक, मोहरीएवढा. तो खाली निघण्याच्या बेतात होता.

"बारापात्रे—"

त्यानं काठी त्यांच्या हातातून घेतली आणि गाडी आडवी केली. मग उलटी. मग हळूहळू गोल. थेंब ज्या बाजूला सरकायला लागे त्याच्या उलट बाजूला तो काठी फिरवी. काठी थांबली असती तर थेंब ओघळला असता, आणि पुन्हा घासायला दिवस उरले नव्हते. तो फिरवत राहिला. पाच मिनिटं. दहा.

फिरवता फिरवताच, नजर थेंबावरून न काढता तो म्हणाला, "माझी दीप्ती जुलैत लागली. तिथंच. पेंट शॉपमध्ये."

"अच्छा."

"पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, बेचाळीस दरवाजेवाल्या बारापात्रेची पोरगी का? सगळे हसले म्हणे." काठी वळली. "तुम्ही त्या दिवशी जे तोंडानं बोलल्या, ते लिहून द्याल?"

बाईंनी नजर थेंबावरच ठेवली. चार भिंतींत माफी मागणं वेगळं, आणि ज्या फाइलमध्ये आपली सही आहे तिथंच आपण चुकलो असं कागदावर देणं वेगळं. एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नाही. त्यांच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती.

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. काठी फिरत होती. थेंब पसरत गेला, चपटा झाला, आणि वीस मिनिटांनी मडगार्ड सपाट होतं. त्यानं काठी स्टँडला लावली, मास्क काढला आणि बाहेर गेला. बाईंनी विचार केला, आपण उत्तर दिलं नाही तेव्हा हा काठी तिरकी धरून थेंब ओघळू देऊ शकला असता.

शनिवारी घरी पॉलिश करताना गाडीच्या छतात खिडकीचे गज मोजता येत होते. मागच्या काचेच्या वर धुळीचा एक कण अडकला होता, तेवढाच. तीन वर्षं ज्या चमकेमागे लागल्या ती समोर होती, पण बाईंना आनंद होईना.

रविवारी ग्वारीघाटच्या रस्त्यावरच्या भय्यासाहेबांच्या घरी माणसांची गर्दी होती. भय्यासाहेबांनी गाडी तळहातावर घेतली, फिरवली आणि मागच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हेमा, हिच्या मागच्या सीटवर तू रडत होतीस त्या दिवशी. मी आरशातून बघून राहिलो होतो."

"रडत नव्हते."

"रडत होतीस. भीती वाटते म्हणाली होतीस."

भावाची सून यशश्री मागून म्हणाली, "आत्यांचं काम आहे. त्यात चूक सापडणारच नाही." सगळे हसले. बाईंनी मान खाली घातली. ताटातलं गोड त्यांना संपवता आलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी कोरा कागद घेतला. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'त्या वेळी उपलब्ध नोंदींच्या आधारे'. वाचलं आणि कागद फाडला. दुसऱ्यात लिहिलं, 'तपासणीत त्रुटी राहिली असावी'. तोही फाडला. तिसऱ्यात तारीख, लॉट, दरवाज्यांची संख्या आणि पुढं सरळ : प्राइमर वाळला आहे की नाही हे मी तपासलं नाही. कारागीर धनेश बारापात्रे यांनी ते मला सांगितलं होतं. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. हाच मजकूर त्यांनी ऑफिससाठी हिंदीतही लिहिला.

फॅक्टरीतल्या ऑफिसात तरुण अधिकारी होता. त्यानं कागद वाचला आणि अवघडून हसला. "मॅडम, अब इसका क्या फायदा? वो फाइल तो कब की नष्ट हो गई होगी."

"तो नई फाइल बना लीजिए," बाई म्हणाल्या. "और एक कॉपी पेंट शॉप में जानी चाहिए. मैं बैठी हूँ."

त्या दोन तास बसल्या. शेवटी दोन्ही भाषांतल्या कागदांवर आवक शिक्का बसला, आणि पेंट शॉपची प्रत त्यांच्यासमोर शिपायाच्या हाती गेली.

तिलवाऱ्याच्या रस्त्यावर त्या पोचल्या तेव्हा बारापात्रे जीपच्या त्याच दारावर रंगाचा शेवटचा हात मारत होता. हात पूर्ण झाल्यावरच तो वळला. मराठी कागद त्यानं उभ्यानं वाचला. पुन्हा वाचला. शिक्क्यावरची तारीख पाहिली. मग कागद बॉनेटवर सपाट करून मोबाइलनं फोटो काढला आणि मुलीला पाठवला.

"राग गेला असं समजू नका, मॅडम," तो म्हणाला. "अठरा वर्षं आहेत ती."

"नाही समजत."

"चलो. ठीक." त्यानं कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. "गाडी आवडली भय्यासाहेबांना?"

"आवडली. मागं धुळीचा एक कण राहिला."

"दिसला होता मला," बारापात्रे म्हणाला, आणि मास्क वर ओढून कामाला लागला.

बाई रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. ऊन वाढलं होतं. ई-रिक्षा मिळायला बराच वेळ लागला.