पंधरा दिवस बोलायचं नाही

नवरा-बायकोत समेट घडवणं हा तिचा व्यवसाय आणि बोलणं हा तिचा स्वभाव. वीस वर्षं समुपदेशन करून घसा इतका राबला की शेवटी स्वरयंत्रावर गाठ आली. छोटीशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, "पंधरा दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही."

"या डॉक्टरांचा सत्कार करायला हवा," घरी नवरा म्हणाला. तिने त्याला उशी फेकून मारली.

सगळ्यांच्या भेटी तिने पुढे ढकलल्या, पण एका जोडप्याला निरोप पोचलाच नाही. बाराव्या दिवशी कागद आवरायला म्हणून ती ऑफिसात आली, तर निवृत्त बसचालक आणि त्याची बायको दारात उभी. दोन बस बदलून आलेल्या माणसांना परत पाठवणं तिच्या जिवावर आलं. तिने वहीत लिहिलं : आज मला बोलता येत नाही. तरी बसता का?

"बसतो की, मॅडम," बायको म्हणाली. "नाहीतरी आमच्यात बोलायचं काम माझंच असतं."

आणि तिने सुरुवात केली. मुलगी सासरी गेल्यापासून घरात दोनच माणसं. त्यातलं एक असं भिंतीसारखं. जेवलात का विचारलं तर हूं, दुखतंय का विचारलं तर हूं.

एरवी मॅडमने एव्हाना दोन-तीनदा तोंड घातलं असतं. आता जीभ नुसती वळवळत होती. मग तिच्या लक्षात आलं, आपले खांदे कानांपर्यंत चढलेत. समोर चालकाचेही तसेच. तिने आपले हळूच खाली सोडले, एक लांब श्वास टाकला. थोड्या वेळाने त्याचेही खांदे उतरले. त्याला ते कळलंही नसावं.

तेवढ्यात बायकोचा आवाज चढला आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला. आवाज उतरला, पाय सैल. पुन्हा चढला, पुन्हा दाब. याआधी हे दोघं सहा वेळा येऊन गेले होते, पण तिला हे कधी दिसलं नव्हतं. तेव्हा ती आपलं पुढचं वाक्य जुळवण्यात गुंतलेली असायची.

ती त्या पायाकडे बघत राहिली. तिची नजर पाहून बायकोही बोलायची थांबली.

"अहो, पायाला काय झालं?"

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मॅडमला ती शांतता मोडता येत नव्हती, म्हणून ती टिकली.

"ब्रेक," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा आवाज चढला की पाय आपोआप जातो. एकतीस वर्षांची सवय. वाटतं, आत्ता काही बोललो तर तुला लागेल. म्हणून थांबतो."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटायचं, तुमचं लक्षच नसतं."

"सगळं ऐकतो मी."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग अधूनमधून सोडत जा की पाय. मी काही काचेची नाही."

मॅडमने पेन उचललं, पण काही न लिहिता खाली ठेवलं.

ते जोडपं पुढे आणखी चारदा आलं. आता तो बोलायचा, मुख्यतः बाकीचे लोक गाडी किती वाईट चालवतात याबद्दल, आणि बायको कौतुकाने वैतागायची.

मॅडमचा आवाज परत आला, किंचित घोगरा. एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "किती जणांचं असं काय काय बघायचं राहून गेलं असेल रे."

सोफ्यावर सरकून त्याने तिला जागा करून दिली, आणि ती त्याला टेकून बसली.